समुद्रकाठचे जलरंग आणि मालवणी ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की आमच्या जलरंगाच्या कार्यशाळा सुरू होतात आणि प्रश्नांची रीघ लागते. गेली काही वर्षं मी प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत होते. आता पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न, लोक विचारतात त्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. आधी एखाद्या उत्तरात येऊन गेलेली गोष्ट परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळा सुटल्यापासून मी ब्रश हातात धरलेला नाही. मला जमेल का?

जमेल. आमच्या बारा जणांच्या गटात निम्मे तरी तुमच्यासारखेच असतात. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही चित्र काढतच नाही, फक्त पाणी बघतो. कागद ओला करायचा, डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरायचा आणि त्यावरची चकाकी न्याहाळायची. आधी पाणी तळ्यासारखं साचलेलं असतं. मग नुसती चकाकी उरते. मग चकाकी जाते, पण हाताच्या पाठीला कागद गार लागतो. शेवटी तो खरोखर वाळतो. या चार अवस्थांत तोच रंग चार तऱ्हांनी वागतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की जलरंगाची निम्मी भीती जाते. चित्रकला येणाऱ्यांनाही हा धडा चुकत नाही, आणि बहुतेकदा त्यांनाच तो जास्त लागतो.

२. कार्यशाळा कुठे आणि किती दिवस असते? तिथे यायचं कसं?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. चार दिवस, तीन रात्री. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोकण रेल्वेनं कुडाळला उतरा. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर आहे, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. आम्ही हॉटेलात राहत नाही, गावातल्या एका घरी उतरतो. माजघरात पंगत बसते आणि पडवीत ओली चित्रं वाळत असतात.

३. तुमच्या तारखा कधी मंगळवार ते शुक्रवार, कधी रविवार ते बुधवार अशा का? शनिवार-रविवार का धरत नाही?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. आमच्या तारखा कॅलेंडर ठरवत नाही, समुद्र ठरवतो.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, आलेल्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पुन्हा पहाटे तीनच्या पुढे. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण चित्रकाराला एवढं पुरतं.

आता आम्हाला काय हवं असतं ते बघा. सकाळचं कोवळं ऊन हवं आणि त्याच वेळी ओहोटी हवी. ओहोटीला ओली वाळू लांबवर उघडी पडते, तिच्यात आभाळ उतरतं, होड्या कलून बसतात आणि त्यांचा पोटाचा आकार पूर्ण दिसतो. हिशेब केला तर द्वितीयेला पूर्ण ओहोटी पावणेआठच्या आसपास, तृतीयेला साडेआठच्या, चतुर्थीला सव्वानऊच्या आणि पंचमीला दहाच्या. म्हणून आमची कार्यशाळा द्वितीयेला सुरू होते आणि पंचमीला संपते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लागून हे दिवस येतात, त्यामुळे पाणीही खूप मागे सरलेलं असतं. असे चार दिवस महिन्यातून दोनदाच मिळतात, शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षात. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट दिवसांत, याल तर सकाळी बराच वेळ पाणी वर असतं आणि भरती-ओहोटीतला फरकही थोडा असतो. तेव्हाही चित्र होतं, पण ते निराळं चित्र असतं.

कचेरीतून सुट्टी मिळत नाही ही तुमची अडचण मला कळते. दरवर्षी एखाद्या तारखेला शनिवार-रविवार या तिथींत येतात. ती तारीख सर्वांत आधी भरते, तेव्हा लवकर कळवा.

४. सामान काय आणू? यादी द्या.

यादी मुद्दाम लहान ठेवते. ब्रश तीन पुरतात: एक मोठा गोल, आठ किंवा दहा नंबरचा, ज्याचं टोक ओलं झाल्यावर सुईसारखं जुळतं. एक इंचभर रुंदीचा चपटा. आणि माडाच्या झावळ्या, डोलकाठीचे दोर यांच्यासाठी एक लांब बारीक केसांचा. रंग आठ: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, क्विनाक्रिडोन रोज, अल्ट्रामरीन, सेरुलियन आणि एखादा थंड हिरवा. काळा आणू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा होतो त्याच्यात ऊन राहतं, काळ्याच्या ट्यूबमध्ये ते राहत नाही.

रंग विद्यार्थ्यांसाठीचे असले तरी मी परत पाठवत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण कॅमलच्या रंगांवरच शिकलो. फक्त मध घातलेले परदेशी रंग आणणार असाल तर एक सांगते: आमच्याकडच्या हवेत ते पॅलेटवर वाळत नाहीत, चिकट राहतात आणि रात्री मुंग्या येतात.

याशिवाय बसायला घडीचं स्टूल, काठाची टोपी, जुना सुती पंचा आणि गोड्या पाण्याची दोन लिटरची बाटली. पंचा विसरू नका. जलरंगात रंग लावण्याइतकंच काम तो टिपण्याचं असतं. कागदाचं उत्तर पुढे वेगळं आहे.

५. महागडा कागदच हवा का? साध्या चित्रकलेच्या वहीत नाही का चालणार?

पैसे कुठे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, ब्रशमध्ये वाचवा, कागदात वाचवू नका. शंभर टक्के सुती, ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), कोल्ड प्रेस (म्हणजे किंचित खडबडीत पोताचा) कागद आणा. साध्या वहीचा कागद पाणी लागताच फुगतो, दुसरा हात फिरवला की त्याचे कण सुटतात, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. मी असे कितीतरी हिरमुसलेले चेहरे बघितले आहेत. त्यांच्या हाती चांगला कागद दिला आणि तासाभरात चित्र बदललं.

पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की ११ × १५ चे चार कागद होतात, आणि बाहेर बसून रंगवायला हेच माप बरं. चार दिवसांत प्रत्येकाला आठ-दहा तुकडे लागतात, म्हणजे दोन-तीन ताव. कागदाच्या पाठीवरही रंगवा. पाठकोरा कागद सरावाला उत्तम.

६. माझ्याकडे जुना, चांगल्या कंपनीचा कागद पडून आहे. आता त्यावर रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो. असं का?

त्याचं साइझिंग गेलं आहे. जलरंगाच्या चांगल्या कागदावर जिलेटिनसारख्या पदार्थाचा हात दिलेला असतो, त्यामुळे रंग पृष्ठभागावर थांबतो आणि आपल्याला तो हलवायला वेळ मिळतो. दमट हवेत बुरशी हेच जिलेटिन खाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, दिला की जिथे साइझिंग उरलेलं नाही तिथे टीपकागदासारखे गडद डाग उमटतात.

माझे एका पावसाळ्यात अकरा ताव असे गेले. लाकडी कपाटात, भिंतीला टेकून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. तीनही चुका एकदम. तेव्हापासून कागद घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून वर ठेवते आणि मे संपायच्या आत पेटी बंद करते. गेलेला कागद टाकू नका. पेन्सिल, कोळसा, शाई यांना तो चालतो.

७. समुद्रावर माझा वॉश वाळतच नाही. हेअर ड्रायर आणू का?

किनाऱ्यावर वीज कुठे आहे? आणि असती तरी मी नको म्हणाले असते. ड्रायरनं रंग एका बाजूला ढकलला जातो.

समुद्राचा वारा समजून घेतला की काम सोपं होतं. पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हिवाळ्यात तो कोरडा असतो, आणि दहा मिनिटांत वॉश वाळतो. ऊन तापलं की वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा, ओलसर वारा येऊ लागतो. त्यात तोच वॉश अर्धा-पाऊण तास दमट राहतो. म्हणून कडक कडांचं काम सकाळी करा: होड्या, जांभ्याचे चिरे, माडांची खोडं. मऊ, एकात एक मिसळणारं काम संध्याकाळी: ढग, दूरचा किनारा, पाण्यावरचा धूसरपणा.

आणि वाळेपर्यंत उठा. कागदाशेजारी बसून राहिलं की हात शिवशिवतो, अर्धवट ओल्या रंगात ब्रश जातो आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. आमच्याकडे संध्याकाळच्या पहिल्या वॉशनंतर सोलकढीचे पेले फिरतात. पेला संपेपर्यंत कागदाकडे पाठ, असा नियमच आहे.

८. समुद्राच्या पाण्यानंच समुद्र रंगवला तर? कल्पना छान वाटते.

कल्पना छान आहे, पण करू नका. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते कागदात राहतात आणि हवेतली ओल ओढत राहतात. चित्र वाळल्यासारखं दिसतं, पण पावसाळ्यात पुन्हा ओलसर होतं आणि मग बुरशी लागते. ब्रशची धातूची पट्टीही गंजते. मिठाचा पोत हवाच असेल तर गोड्या पाण्यानं रंगवा, चकाकी जात आली की जाड मिठाचे चार खडे टाका, आणि पूर्ण वाळल्यावर ते सगळे झाडून काढा.

९. मी समुद्र निळा रंगवला की तो खोटा दिसतो. तुमच्या चित्रांत तर निळा जवळजवळ नसतोच.

कारण देवबागला तो बहुतेक वेळा निळा नसतोच. कर्ली गाळ आणते. त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी मातकट हिरवं, यलो ऑकरमध्ये थोडा हिरवा आणि थोडा करडा मिसळल्यासारखं. लाट उभी राहते तेव्हा तिच्या माथ्याजवळ पाण्याची भिंत पातळ होते आणि मागचं ऊन तिच्यातून येतं. तेवढीच पट्टी लिंबाच्या सालीसारखी पिवळट हिरवी. लाट फुटून परत जाते तिथे ओल्या वाळूवर आभाळाचा रंग. आणि क्षितिजाशी सर्वांत गडद, बारीक, थंड करडी निळी रेघ. निळा शोधायचा तो तिथे.

माझा सल्ला असा: पहिल्या दिवशी निळ्या ट्यूबची झाकणं उघडूच नका. यलो ऑकर, लाइट रेड आणि हिरव्यात समुद्र करून बघा. दुसऱ्या दिवशी अल्ट्रामरीनचा एक थेंब घ्या, आणि तो एकटाच किती निळा दिसतो ते बघा.

फेसासाठी पांढरा रंग वापरू का, हेही याबरोबरच विचारतात. नको. फेस म्हणजे न रंगवलेला कागद. सुरुवातीला जागा सोडायला जमत नाही, तर मेणबत्तीचा तुकडा हलकेच फिरवा, तिथे रंग धरत नाही. कागदाच्या खडबडीत पोतावर ती तुटक रेघ फेसासारखीच दिसते.

१०. होडी काढली की ती केळ्यासारखी किंवा बशीसारखी होते. काय चुकतं?

सगळ्यांचं हेच चुकतं. होडीची वरची कड ही एक सरळ वाटी नाही, ती दोन्ही टोकांना वर उचललेली असते. तिरप्या बाजूनं बघताना जवळची आणि लांबची कड एकमेकींना ओलांडल्यासारख्या दिसतात. इंग्रजी आठचा आकडा आडवा पाडा, ताणून लांब करा, एक पोट मोठं आणि एक लहान ठेवा. लहान पोटाच्या टोकाला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, येते. तिथून खाली वाळूपर्यंत एक रेघ उतरवा आणि मोठ्या पोटाखाली होडीचं पोट भरा. आठची नको असलेली रेघ पुसा. झाली होडी.

रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीला बाजूला उलांडी असते, म्हणजे आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडाचा ओंडका. तो गाळू नका. तिथल्या माणसाला उलांडीशिवायची रापणीची होडी दाखवली की तो हसत नाही, पण चित्राकडे दुसऱ्यांदा बघतही नाही.

११. मासेमारी करणाऱ्या लोकांना रंगवताना परवानगी घ्यायची का?

घ्यायची. तोंडी, साधी, आणि आधी. चेहरा ओळखू येणार असेल तर नक्कीच. मालवणच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजाच्या, वस्तीतली माणसं स्वतःहून बोलावतात, चित्र बघून सूचनाही करतात. पण किनारा हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे. जाळी ओलांडू नका, जाळ्यावर बसू नका, दोरांच्या वाटेत स्टूल मांडू नका.

रापण ओढताना दिसली तर माझं एकच म्हणणं: ब्रश खाली ठेवा आणि दोर धरा. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. हाताला दोर लागल्याशिवाय त्या पाठी कशा वाकतात हे कागदावर येत नाही. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. गेल्या वर्षी आमच्या गटाला पेडवे आणि सात बांगडे मिळाले आणि त्या दुपारी तेच ताटात होते.

१२. जेवण काय असतं?

आमच्या कार्यशाळेत चित्राइतकंच जेवण महत्त्वाचं आहे, हे मी मनापासून लिहिते. सकाळी रंगवायला निघण्यापूर्वी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला पापड. पेज पोटात असली की अकरापर्यंत भूक आठवत नाही. परतल्यावर घावणे किंवा आंबोळ्या.

दुपारी माशाचं जेवण. ज्या काकींच्या घरी आम्ही उतरतो त्या बाजारात जाईपर्यंत काय करायचं ते ठरवत नाहीत. बांगडा मिळाला तर तिखलं, जाडसर वाटण, थोडं पाणी आणि ठेचलेली तिरफळं. तिरफळ चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. नवख्यांना हे सांगावं लागतं, नाहीतर जीभ दहा मिनिटं बधिर. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सुकं. सुरमई मिळाली तर तळलेल्या तुकड्या आणि आमटी. शेवटच्या रात्री कोंबडी-वडे. एका संध्याकाळी शिरवळ्या होतात: लाकडी साच्यातून पाडलेल्या तांदळाच्या गरम शेवया, सोबत गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस. साचा दाबायला दोन माणसं लागतात आणि गटातले लोक त्यासाठी भांडतात.

१३. मी शाकाहारी आहे. मला नुसती सोलकढी-भात मिळेल का?

मुळीच नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, कुळथाची पिठी, नीरफणसाची कापं, खतखतं, हिवाळ्यातली तांबडी भाजी हे सगळं मालवणीच जेवण आहे, माशाला पर्याय म्हणून केलेलं नाही. भांडी वेगळी ठेवली जातात. ओल्या काजूगरांची उसळ मात्र मार्च-एप्रिलची, ती आमच्या दिवसांत मिळत नाही. जैन जेवण हवं असेल तर आधी कळवा. कांदा-लसूण नसलेली सोलकढीही होते.

शिंपल्यांची किंवा कोलंबीची अॅलर्जी असेल तर ती फॉर्मवर लिहून न थांबता काकींना स्वतः भेटून सांगा. वाटण आणि पळी एकाच चुलीवर फिरत असतात.

१४. पावसाळ्यात कार्यशाळा का नाही? पावसातलं कोकण तर सर्वांत सुंदर.

सुंदर आहेच, आणि मी एकटी जातेही. पण गटाला नेत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तो माशांच्या विणीचा काळ. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, किनारा रिकामा आणि समुद्र खवळलेला. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे प्रवाशांच्या होड्या जात नाहीत. कागदाचं काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की किनारा पुन्हा हलू लागतो, पण हवा कोरडी व्हायला दिवाळी उजाडते.

१५. खाण्याचे पदार्थ जलरंगात चांगले येत नाहीत. सोलकढी तर गुलाबी पाणी दिसते.

सोलकढीचा दुधाळपणा पांढरा रंग घालून येत नाही, गडद रंग टाळून येतो. क्विनाक्रिडोन रोज खूप पातळ, त्यात अल्ट्रामरीनचा पुसट स्पर्श, आणि पेल्याच्या आत कुठेही कडक सावली नाही. मग वर कोथिंबिरीचे दोन हिरवे ठिपके कडक ठेवा, लगेच ते दूध वाटतं.

माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा धडा बांगडा. बाजारातून आला की आम्ही एक बांगडा केळीच्या पानावर मागून घेतो. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर लांबट गडद रेघा. कुशीवर सोनेरी झाक, दोन रेघांच्या मध्ये पुसट. कल्ल्यामागच्या पराखाली एक काळा ठिपका, जो निम्मे लोक बघतच नाहीत. पोट मोत्यासारखं, म्हणजे जवळजवळ कोरा कागद, त्यात पानाचा हिरवा परतून आलेला. वेळ अर्धा तास, कारण रंग उतरू लागतात आणि काकी पातेलं घेऊन उभ्या असतात.

१६. सिंधुदुर्ग किल्ल्यात बसून रंगवता येतं का?

येतं. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. तो संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे मांडीवर पॅड घेऊन बसायला हरकत नसते, पण मोठं ईझल किंवा ट्रायपॉड लावायचा असेल तर तिथे आधी विचारा. रंगाचं पाणी दगडावर ओतू नका, बाटलीत भरून परत आणा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. त्यांच्याजवळ ब्रश धुण्याचा विचारही नको. शेवटच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

१७. मी ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि एकटी येणार आहे. त्रास होईल का?

आमच्याकडे एकट्या येणाऱ्या बायकाच जास्त असतात. वाळूत चालणं दिवसाला अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त नाही. पाठीची खुर्ची आम्ही देतो. खाली बसून उठता येत नसेल तर नदीकाठच्या पडवीतून रंगवा. तिथून कर्लीचं पाणी आणि पलीकडचे माड दिसतात, आणि मला विचाराल तर समुद्रापेक्षा ते दृश्य रंगवायला अवघड आणि जास्त देखणं आहे.

१८. जलरंग फिके पडतात, तेव्हा हे दुय्यम माध्यम नाही का?

नाही. सावंतवाडी इथून फार लांब नाही. तिथे १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र जलरंगात केलं. मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. दिव्याचा उजेड तिच्या बोटांच्या कडांतून तांबूस पाझरतो. ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजून परततात, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

टिकण्याचं म्हणाल तर रंग कोणता त्यावर आहे. जुना अॅलिझरिन क्रिमझन आणि झगझगीत ऑपेरा गुलाबी उडतात. बर्न्ट सिएना, ऑकर, अल्ट्रामरीन पिढ्यान्‌पिढ्या राहतात. चित्र काचेत लावा, काच आणि कागद यांत माउंटची फट ठेवा, आणि थेट ऊन येणाऱ्या किंवा पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

१९. कोकणाबाहेर कुठे जाता? त्या प्रवासात आम्हाला येता येईल का?

वर्षाआड तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जाते, चार-पाच जणांनाच नेते. तरंगमबाडीचा डॅनिश किल्ला आणि तिथून दक्षिणेला समुद्रकाठी तंजावरच्या सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला मनोरा. मराठी राजानं बंगालच्या उपसागराकडे तोंड करून उभारलेला हा षट्‌कोनी बुरूज बघायला आपल्याकडचे लोक फारसे जात नाहीत.

चित्रकाराला तिथे सगळं उलटं करावं लागतं. आपल्याकडे सकाळचं ऊन पाठीमागून येतं, होड्या उजळलेल्या दिसतात आणि संध्याकाळी त्यांच्या काळ्या आकृत्या होतात. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो, म्हणजे आकृत्या सकाळी आणि रंग संध्याकाळी. पहिले दोन दिवस माझा हात चुकतोच. मग तंजावरला फिल्टर कॉफीचा पितळी डबरा समोर ठेवून वेळापत्रक नव्यानं लिहिते.

२०. विमानात रंग नेता येतात का?

जलरंग पेटणारे नसतात, पण ट्यूब द्रव-लेपात मोजल्या जातात. त्या आणि कागद कापायचं ब्लेड मोठ्या सामानात टाका. वाळलेल्या वड्यांची पेटी हातातल्या बॅगेत चालते. तैलरंगाचं टर्पेंटाइन कुठेच चालत नाही.

२१. चित्र अर्धं झालं आणि होडीच निघून गेली. आता?

हे होणारच. भरती चढू लागली की होडी कुणासाठी थांबत नाही. एकदा आमच्यातली एकजण तासभर मागचे माड रंगवत बसली होती. शेजारी जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्यांनी दोनदा चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, “बाय, आदी होडी काड. माड खय जातत?”

तेच उत्तर आहे: हलणारं आधी. पेन्सिलनं होडीचा बाह्याकार आणि तिची सावली, एवढं पहिल्या पाच मिनिटांत. सावली रंगवूनच टाका, कारण तीही सरकते. बाकीचं नंतर. होडी गेलीच तर तिची जागा कोरी सोडा, फोटोवरून घाईनं भरू नका. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा या, पाणी त्याच पातळीला असेल (प्रश्न ३).

तिनं तसंच केलं. कोरी जागा ठेवून दुसऱ्या दिवशी सव्वानऊला येऊन बसली. होडी आली, चार हात डावीकडे लागली, आणि आदल्या दिवशीच्या निळ्या ताडपत्रीच्या जागी पिवळी ताडपत्री होती. तिनं पिवळी रंगवली.